या चुका टाळा: हिरव्या उत्साहात नाशिककर कुठे घसरतात

जून लागला की नाशिकमध्ये दोन संकल्पांना हमखास उधाण येते. एक झाडे लावण्याचा आणि दुसरा घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा. पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्यांतील बरीचशी रोपे वाळून काटक्या झालेली असतात आणि खताचे डबे गच्चीच्या कोपऱ्यात उपडे पडलेले असतात. निरनिराळ्या वसाहतींमध्ये या दोन कामांसाठी मदतीला जात असल्यामुळे त्याच त्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की, फोनवरची पहिली दोन वाक्ये ऐकूनच पुढचे ओळखता येते. माहितीची कमतरता आता कोणालाच नाही. मोबाइलवर सर्व काही मिळते. कमी पडते ती सबुरी.

खताच्या डब्यात ओले पुष्कळ, सुके काहीच नाही

तक्रारींमध्ये या चुकीचा पहिला क्रमांक लागतो, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा, उरलेला भात हे सर्व पाण्याने भरलेले आणि नत्रयुक्त असते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण २५ ते ३० भाग लागतात आणि श्वासासाठी हवा लागते. वाळलेला पाला या दोन्ही गरजा भागवतो, कारण त्यात कर्ब असतो आणि त्याच्या चुरगळलेल्या पानांमुळे ढिगाऱ्यात पोकळी राहते. पाला नसला की ओला कचरा स्वतःच्याच वजनाने दबतो, हवा बंद होते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू आपले काम सुरू करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. अमोनियाचा झोंबणारा वास येत असेल तर नत्र जास्त झाले आहे, असे समजावे. दोन्ही वासांवर औषध एकच, ते म्हणजे वाळलेला पाला.

गंगापूर रोडच्या बाजूच्या एका सोसायटीने तीन मोठे ड्रम विकत घेतले होते. फीत कापण्याचा कार्यक्रम झाला, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. श्रावण लागेपर्यंत तळमजल्यावरील लोकांना खिडक्या उघडणे अशक्य झाले. मला बोलावणे आले तेव्हा सोसायटीचे सचिव काकुळतीला आलेले होते. "अहो, कचरा कुजवायची पावडर तर आम्ही रोज टाकतोय, सांगितली त्याच्या दुप्पट टाकतोय. तरी वास जात नाही म्हणजे काय?" असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. झाकण उघडल्यावर आत काळे पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या केळीच्या साली एवढेच दिसले. पाला कोठे आहे, असे विचारल्यावर समितीचे सभासद एकमेकांकडे पाहू लागले. उत्तर दिले ते आवार झाडणाऱ्या मावशींनी. "पाला तर रोज झाडून मी त्या भिंतीकडं पेटवते ना साहेब. ह्यांनी कधी मागितलाच न्हाई." ड्रमपासून वीस पावलांवर राखेचा ढीग होता. म्हणजे ज्या वस्तूची ड्रमला गरज होती ती रोज जाळून शेजाऱ्यांना धूर दिला जात होता आणि तिची उणीव भरून काढण्यासाठी पावडरीवर दरमहा पैसे खर्च होत होते.

त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. मधल्या काळात ड्रममध्ये मोठ्या, करड्या अळ्या दिसल्या म्हणून एका सभासदांनी त्यात फिनेल ओतले होते. त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या होत्या. ही माशी घरातल्या अन्नावर घोंगावत नाही, रोग पसरवत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा ज्या वेगाने फस्त करतात त्या वेगाने तो कोणतीही पावडर कुजवू शकत नाही. फिनेलने अळ्या मेल्या, जिवाणू मेले आणि त्यांच्या जागी नुसता चिखल उरला. तो ड्रम ताडपत्रीवर रिकामा करून, उन्हात पसरून, पाला आणि शेणखत मिसळून पुन्हा भरावा लागला. पहिल्या दिवशी हे काम करायला मावशी आणि एक आजोबा सोडून कोणीही खाली उतरले नाही. फीत कापण्याच्या दिवशी मात्र सगळी इमारत हजर होती, असे मावशींनीच मला सांगितले.

माझी स्वतःची सवय अगदी साधी आहे. एक वाटी ओला कचरा टाकला की त्यावर दोन वाट्या चुरलेला पाला टाकायचा आणि दोनतीन दिवसांनी काठीने खालीवर करायचे. मूठभर मिश्रण दाबून पाहिल्यावर बोटांना ओल लागावी, पण पाणी टपकू नये. टपकले तर पाला घालायचा, कोरडे लागले तर ताक शिंपडायचे. ज्यांना मोजमापाशिवाय चैन पडत नाही त्यांनी तराजू आणावा. मला त्याची गरज पडलेली नाही. एक पथ्य मात्र मी कसोशीने पाळतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हाच गोण्या भरून ठेवतो, कारण ओला कचरा सर्वाधिक त्रास देतो तो पावसाळ्यात, आणि त्या वेळी कोरडे पान औषधालाही मिळत नाही. खत तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याहून अधिक. 'चोवीस तासांत खत' देणारी विजेवरची यंत्रे कचरा तापवून, वाळवून त्याचा भुगा करतात. तो भुगा कुंडीत घालून पाणी दिले की राहिलेले कुजणे तेथे सुरू होते आणि तुळस पिवळी पडल्यावर लोक रोपवाटिकेला दोष देतात.

खड्डा, फोटो आणि विस्मरण

झाडांच्या बाबतीत पहिली चूक लावण्याच्या क्षणीच होते. रोप काळ्या प्लॅस्टिक पिशवीसकट खड्ड्यात ठेवले जाते. हे वाचून हसू येईल, परंतु वाळलेली रोपे उपटून पाहा. पिशवीच्या आत गोल गोल फिरून गुदमरलेली मुळे अनेकदा सापडतात. पिशवी ब्लेडने चिरून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये, आणि काढलेली पिशवी तेथेच वाऱ्यावर सोडू नये.

दुसरी चूक खड्ड्याची. निफाडकडे काळी कसदार जमीन आहे. नाशिकच्या टेकड्यांच्या उतारावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ लागतो. तेथे हातभर खड्डा करून लावलेले रोप पावसाळ्यात तरारते आणि मार्चमध्ये मान टाकते, कारण मुळांना खाली जायला वाट नसते. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, माती व शेणखताने भरावा आणि पहिले दोनतीन दमदार पाऊस झाले की रोप लावावे. ऑगस्टच्या अखेरीस, एखाद्या पाहुण्याच्या सोयीने होणाऱ्या वृक्षारोपणाला मी जात नाही. पावसाळ्याचा निम्मा फायदा तोपर्यंत हातचा गेलेला असतो.

तिसरी चूक निवडीची, आणि येथे घाई सर्वांत महाग पडते. 'लवकर वाढणारे काही तरी द्या' ही मागणी ऐकली की मला धास्ती वाटते. अशाच मागणीतून बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणाला कोनोकार्पसच्या हिरव्या भिंती उभ्या राहिल्या. हे परदेशी झाड झपाट्याने वाढते खरे, पण त्याची मुळे जमिनीखालच्या जलवाहिन्यांत आणि गटारांत घुसतात, त्याच्या परागकणांविषयी तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, ठिसूळ फांद्यांचा. वळवाच्या पावसात गाड्यांवर पडतो तो बहुधा हाच. आपल्याकडे करंज, कडुनिंब, बहावा, काटेसावर, पळस, अर्जुन, बेहडा, वावळ अशी माणसाच्या आणि पाखराच्या उपयोगाची झाडे असताना बाहेरून पाहुणे आणण्याची गरज काय, हे मला समजलेले नाही. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर स्थानिक झाडांची देवराई उभी राहिली आहे. ज्यांना मुरमाड उतारावर काय जगते याची शंका आहे त्यांनी एकदा तेथे चक्कर मारावी आणि झाडांची नावे टिपून आणावीत.

एवढे करूनही रोप मरते ते उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पाहुणेही नसतात आणि फोटोही नसतात. किमान तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी कोण घालणार, या प्रश्नाला नावानिशी उत्तर नसेल तर रोप लावू नये, असे मी स्पष्ट सांगतो आणि त्यामुळे काही ठिकाणी मला पुन्हा बोलावले जात नाही. बुंध्याभोवती आळे करून त्यात चारपाच इंच पाल्याचे आच्छादन द्यावे. ओल टिकते आणि पाण्याच्या खेपा कमी होतात. लोखंडी जाळी लावली असेल तर ती वेळेवर काढण्याची जबाबदारीही त्याच माणसाकडे द्यावी. कॉलेज रोडसारख्या रस्त्यांवरून चालताना सहज वर पाहिले तरी जाळी खोडात रुतलेली झाडे दिसतील.

पिशव्यांचा ढीग

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून प्रत्येक समारंभात कापडी पिशवी वाटण्याची प्रथा पडली आहे. परिणामी प्रत्येक घरात दाराआड पिशव्यांचे बोचके लटकते आणि बाजारात मात्र रिकाम्या हाताने जाणे चालूच आहे. कापूस पिकवायला पाणी लागते, कीटकनाशके लागतात. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या हिशेबानुसार नव्या सुती पिशवीला केवळ हवामानावरील परिणामाच्या बाबतीत साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायलाही ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी आणि इतर सर्व परिणाम धरले तर हा आकडा हजारोंत जातो. म्हणून नवी पिशवी घेऊ नये. जुन्या चादरीची शिवावी, आणि एक स्कूटरच्या डिकीत कायमची ठेवावी.

'कंपोस्टेबल' असे छापलेल्या पिशव्या घरच्या डब्यात टाकून त्यांच्या कुजण्याची वाट पाहू नये. त्यांना सलग काही आठवडे ६० अंशांच्या जवळपास तापमान लागते, जे मोठ्या प्रकल्पात मिळते, गच्चीवरच्या डब्यात नाही. कागदी चहाच्या कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो, आणि चंदेरी पत्रावळीविषयी तर बोलायलाच नको.

गोदावरीला अर्पण

निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून नदीत फेकणारी माणसे अजून दिसतात. त्यातील फुले कुजतात, दोरा, जर आणि पिशवी तशीच राहतात. शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीवर पसरणाऱ्या पाणवेलींचे मुख्य कारण सांडपाणी आहे, हे खरे. परंतु नदीत कुजणारी प्रत्येक गोष्ट त्याच खाद्यात भर घालते, आणि पाणी पुढे जाते ते नांदूरमध्यमेश्वरला, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ म्हणून जाहीर झाले. फुले पाकळ्या सुट्या करून खताच्या डब्यात टाकावीत. देवाला त्यात कमीपणा नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरी बादलीत बुडवून ती विरघळेल, असे समजणेही चूक आहे. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट लागते. त्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली आहे. शाडूची छोटी मूर्ती आणली की हा सगळाच खटाटोप वाचतो.

पाणी आणि ऊन

महापालिकेच्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी येते आणि त्यात क्षार कमी असतात. तरीही घरोघरी आरओ बसवले आहेत. ही यंत्रे एक लिटर पाणी गाळताना सामान्यतः त्याहून अधिक पाणी मोरीत सोडतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते की, जेथे पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओचा वापर रोखावा. हे क्षार मोजणाऱ्या स्वस्त टीडीएस मीटरने आधी मोजावे. बोअरचे जड पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी नाकारलेले पाणी निदान फरशी पुसायला भरून ठेवावे. सौर बंबाचे गरम पाणी येईपर्यंत नळाखाली बादली न ठेवणे हा त्याच जातीचा आळस आहे.

छतावरील सौर पॅनेलसाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपासून पुढे ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे सध्या रांगा आहेत. घाईत पॅनेल पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवली जातात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही त्याच साखळीतल्या इतर पॅनेलांची वीज घटवू शकते, म्हणून ठेकेदाराला मार्च महिन्याची नव्हे, डिसेंबरची सावली दाखवायला सांगावी. तेव्हा सूर्य दक्षिणेला सर्वांत खाली असतो. दुसरे म्हणजे बोअरच्या पाण्याने पॅनेल धुऊ नयेत, कारण वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर काचेवर बसतो आणि तो निघता निघत नाही. नळाचे पाणी, मऊ फडके आणि सकाळी काच तापण्यापूर्वीची वेळ एवढे पुरते. पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा हे करावे लागते, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला.