संकटाच्या वर्षात धीर कसा धरावा

पेरणी वाया जाते, घरातला कमावता माणूस जातो, डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प बसतात. अशा वेळी चर्चच्या मंडळीतलं कोणीतरी घरी येतं आणि म्हणतं, "आशा सोडू नका, प्रभू बघेल." बोलणं खोटं नाही, पण त्यात क्रम चुकतो. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात, ३ ते ५ या वचनांत, प्रेषित पौलाने तो क्रम लावून दिला आहे. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा. आशेचा नंबर शेवटचा आहे. पहिल्या आठवड्यात ती मनात सापडली नाही म्हणून विश्वास कच्चा ठरत नाही. तेव्हा हाताशी असतो तो धीर, आणि तो कामासारखा रोज थोडा थोडा करता येतो.

याकोबाने आपल्या पत्रात (५:७) धीरासाठी शेतकऱ्याचाच दाखला घेतला. पहिला आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत तो वाट बघतो. तिकडे पॅलेस्टाईनात पहिल्या पावसावर पेरणी व्हायची आणि शेवटच्या पावसावर दाणा भरायचा. आपल्याकडे महिने वेगळे. मृगावर खरिपाची पेरणी आणि परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी. पण मधल्या काळात शेतकरी बांधावर नुसता बसून नसतो. कोळपणी असते, खुरपणी असते, बैलांना चारा-पाणी असतं. पाऊस त्याच्या हातात नाही, खुरपं आहे. खाली जे सांगितलंय ते खुरप्याचं काम आहे.

आधी तक्रार, मग स्तुती

एक साधी वही घ्या. डाव्या पानावर काय झालंय ते आकड्यांत लिहा. "कर्ज फार झालंय" असं नको. "सोसायटीचे ८० हजार, मार्चअखेर भरायचे, उसने ३० हजार, दिवाळीनंतर द्यायचे" असं लिहा. आजार असेल तर औषधाचं नाव आणि पुढची तारीख. मोघम भीती रात्री वाढत जाते, आकडा वाढत नाही.

उजव्या पानावर प्रार्थना लिहा, आणि साचा बायबलातल्या १३व्या स्तोत्राचा घ्या. स्तोत्र फक्त ६ वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे, "किती काळ?" हा सवाल चार वेळा आला आहे. पुढच्या दोन वचनांत मागणं आणि शेवटच्या दोनांत भरवसा. तुम्हीही तीन तुकडे करा. तक्रारीच्या चार ओळी, मागण्याच्या दोन, भरवशाची एक. भरवशाची ओळ येत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, खोटी ओळ लिहू नका. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

लिहिलेलं मोठ्याने वाचा, आणि भाषा घरचीच ठेवा. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो" हे उपासनेत शोभतं. रात्री अकरा वाजता "देवा, आता नाही होत माझ्याच्यानं" म्हटलं तरी चालतं. सगळं मिळून पंधरा मिनिटं पुरे. जास्त वेळ बसलं की मन तेच तेच उगाळायला लागतं.

वाचनाचंही असंच. काही जण उत्साहाने रोज पाच स्तोत्रं धरतात. १५० स्तोत्रं ३० दिवसांत बसतात खरी, पण दुःखातल्या माणसाची आठवड्यात दमछाक होते. सकाळी एक आणि संध्याकाळी एक घ्या. ७५ दिवस लागतील. ११९वं लांबलचक आहे, १७६ वचनांचं, ते आठ-आठ वचनांच्या भागांत वाचा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करू नका, पुढचं घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मोबाईलमध्ये मराठी ऑडिओ बायबल घरूनच उतरवून न्यावं. फडावर नेटची खात्री नसते.

शरीराला विसरू नका

एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपला (१ राजे १९). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. होरेब डोंगराची ४० दिवसांची वाट त्यानंतर. म्हणून दुःखाच्या घरात पहिले पंधरा दिवस नवे उपास धरू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास-प्रार्थनेला बसूच नये. आणि "विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला" म्हणणाऱ्याचं ऐकून औषध बंद करू नका. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं (१ तीमथ्य ५:२३), फक्त प्रार्थना कर असं लिहिलं नाही.

दोन-तीन माणसं ठरवा

गेथशेमाने बागेत येशूने तिघांना जवळ घेतलं आणि जीव मरणाइतका दुःखी आहे हे त्यांना सांगितलं. ते तिघंही झोपले. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सांगायला माणसं लागतात, आणि ती कमी पडणार हेही धरून चालावं. पूर्ण मंडळीला सांगू नका. पाळकसाहेब (पास्टर), एखादी मावशी किंवा वहिनी आणि एक मित्र पुरे. "प्रार्थना करा" एवढंच न म्हणता काम सांगा. "बुधवारी जालन्याला केमोला जायचंय, सोबत या." "पोरांना शाळेतून आणा." गावात देऊळ (चर्च) नसेल आणि पाळक महिन्यातून एकदाच येत असतील, तर शेजारच्या दोन घरांनी मिळून आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी. एक शास्त्रभाग, एक भजन, प्रत्येकाची एक मागणी, आणि पाऊण तासात उठावं. पेटी-तबला नसला तरी टाळ्यांवर भागतं.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही थोडं. मुलं-मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरं होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला (४२:७). "काहीतरी पाप झालं असेल" हे वाक्य दुःखाच्या घरात कधीही उच्चारू नका. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि येशूने याचंही नाही, आईबापांचंही नाही असं सांगितलं (योहान ९:३). अमुक रक्कम दान करा म्हणजे कर्ज फिटेल, असं सांगत कोणी फिरत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेला, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी तडीस नेलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले. इतकी दुःखं पदरी आली म्हणून त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

कधी थांबायचं नाही

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात, माणूस फवारणीच्या औषधाची बाटली कुठे आहे हे बघून ठेवतो. इथे वही आणि स्तोत्र पुरत नाही. बाटली त्या दिवशीच घराबाहेर काढा, त्याला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. प्रार्थना गाडीत बसल्यावरही करता येते.

वहीचं पुढे काय

महिन्यातून एकदा, शक्यतो प्रभुभोजनाच्या रविवारी, मागची पानं चाळा. कुठलं मागणं पुरं झालं तिथे तारीख टाका. जे झालं नाही ते तसंच राहू द्या. पौलानेही शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात बहुतेकांना एक गोष्ट दिसते. तक्रारीच्या चार ओळींच्या दोन झालेल्या असतात, आणि कोऱ्या सोडलेल्या जागी कधीतरी काहीतरी लिहिलेलं असतं.

पहिलं वर्ष संपेपर्यंत काही तारखा जड जातात. माणूस गेला ती तारीख, त्याचा वाढदिवस, पहिला नाताळ. त्या आधीच वहीत मांडून ठेवा. नाताळच्या करंज्या तो माणूस करत होता का, चांदणी तो टांगत होता का, हे आठवून यंदा ते कोण करणार हे नोव्हेंबरातच ठरवा, आणि चोवीस तारखेच्या रात्री घरी कोणीतरी मुक्कामाला यावं असं शेजारी किंवा पाहुण्यांना स्पष्ट सांगून ठेवा.