बोअरच्या फ्लोराईडनं गांडुळं मरतात का? घरच्या घरी कसं तपासायचं

पांढरकवडा, झरी, किनवट, चंद्रपूर या पट्ट्यात कुणी गांडूळखताचा बेड लावला आणि महिन्याभरात गांडुळं कमी झाली की पहिला आरोप पाण्यावर येतो, "बोअरला फ्लोराईड आहे ना, मग कशी टिकणार". आरोप अगदी चुकीचा नाही, पण तपासल्याशिवाय मान्यही करू नका. कारण जास्त फ्लोराईडचं पाणी बहुतेक वेळा सोडियम बायकार्बोनेटवालं असतं, त्यात कॅल्शियम कमी, पीएच जास्त आणि वरून खारटपणा, म्हणजे एकाच बादलीत तीन-चार संशयित असतात आणि पकडला जातो एकटा फ्लोराईड.

आधी हिशोब करा. समजा तुमच्या बोअरला लिटरमागे ५ मिलीग्रॅम फ्लोराईड आहे, म्हणजे भरपूरच, पिण्याच्या पाण्याला आपल्याकडं १ ची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. ५०० किलोच्या बेडवर रोज १० लिटर मारलं तर ६० दिवसांत ६०० लिटर, म्हणजे एकूण ३ ग्रॅम फ्लोराईड, किलोमागे जेमतेम ६ मिलीग्रॅम. साध्या मातीत मुळातच किलोमागे दोन-तीनशे मिलीग्रॅम असतो! आता दुसरी बाजू बघा, खत भारी व्हावं म्हणून त्याच बेडमध्ये २ टक्के रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) टाकलं असेल, तर १० किलो रॉक फॉस्फेटमध्ये ३ टक्के धरला तरी ३०० ग्रॅम फ्लोरीन गेला, पाण्यातून आला त्याच्या शंभरपट. तरी त्या बेडमधली गांडुळं बहुधा मजेत असतात, कारण तो खनिजात घट्ट बांधलेला असतो, सहज सुटत नाही.

म्हणजे एकूण किती आहे याला फार अर्थ नाही, मातीच्या ओलाव्यात मोकळा किती आहे हे महत्त्वाचं, कारण गांडूळ पाणी घेतं कातडीतून आणि माती खातं तोंडानं. चुनखडीच्या काळ्या मातीत फ्लोराईड कॅल्शियमला धरून बसतो, फारसा विरघळत नाही. एकदम आंबट मातीत ॲल्युमिनियमसोबत सुटतो, आणि चोपण म्हणजे सोडियम साचलेल्या मातीत पीएच चढल्यामुळं मातीच्या कणांवरून निसटतो. म्हणून एकाच बोअरचं पाणी एका शेतात निवांत चालतं आणि शेजारच्या चोपण तुकड्यात त्रास देतं. मोकळा फ्लोराईड शरीरात गेला की कॅल्शियम-मॅग्नेशियम अडवतो आणि साखरेतून ऊर्जा काढणाऱ्या एनोलेज नावाच्या एन्झाइमला रोखतो. त्यामुळं होतं काय, मोठं गांडूळ पटकन मरत नाही, आधी वजन उतरतं, अंड्यांचे कोष (ककून) कमी होतात, पिल्लं कमी निघतात. मेलेली गांडुळं मोजून "काही फरक नाही" म्हणणारा फसतो तो इथं.

काय काय लागेल

पाण्याचा फ्लोराईड रिपोर्ट (जिल्ह्याच्या भूजल किंवा पाणी तपासणी लॅबमध्ये होतो, बाटली प्लास्टिकचीच न्या), टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), पीएच पट्ट्या, झाकणाचे प्लास्टिक डबे, स्वयंपाकघरातला ग्रॅम काटा, आणि साठवलेलं पावसाचं पाणी. पावसाचं नसेल तर फ्लोराईड कमी असलेल्या उघड्या विहिरीचं घ्या, आरओचं शुद्ध पाणीही चालेल. गांडुळं आयसेनिया फेटिडा, तीच लाल खतवाली, सगळी साधारण एका वयाची आणि गळ्याजवळ जाड पट्टा आलेली, म्हणजे वयात आलेली. एकेक ३०० ते ६०० मिलीग्रॅमचं हवं.

एक इशारा. बाजारातून सोडियम फ्लोराईड आणून मातीत मिसळायचा प्रकार घरी करू नका, तो विषारी आहे, लहान पोराला थोडासाही घातक ठरू शकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये करत असाल तर १ ग्रॅम सोडियम फ्लोराईडच्या जोडीला एका वेगळ्या डब्यात १.४ ग्रॅम साधं मीठ टाका, तेवढ्यात सोडियम सारखा येतो, नाहीतर सोडियमनं झालेला त्रास फ्लोराईडच्या नावावर लिहाल. आणि हो, फ्लोराईडवाली टूथपेस्ट कालवून प्रयोग करणारेही आहेत, तिच्यातल्या फेसाच्या रसायनानंच गांडूळ हैराण होतं, त्यातून काही कळत नाही.

माती तयार करणं

सगळ्या डब्यांना एकाच ढिगातली, एकाच चाळणीतून काढलेली माती घ्या, त्यात थोडं कुजलेलं शेणखत मिसळा. चार ढीग करा. पहिल्याला पावसाचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं, तिसऱ्याला गावातल्या आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी (ते बेडवर वापरत असाल तरच, कारण गाळून राहिलेला फ्लोराईड आणि क्षार सगळे त्यातच उतरतात, निम्मं पाणी वाया जाणाऱ्या प्लांटला जवळपास दुप्पट). चौथा ढीग सगळ्यात कामाचा आणि लोक नेमका तोच गाळतात: पावसाच्या पाण्यात खायचा सोडा चिमूट चिमूट टाकत टीडीएस मीटरचा आकडा बोअरएवढा करायचा, बोअरचं पाणी चवीला खारट लागत असेल तर अर्धा सोडा अर्धं मीठ. हे झालं बोअरसारखंच पाणी, फक्त फ्लोराईड नसलेलं. धुण्याचा सोडा नको, तो फार जहाल.

एकदा भिजवून भागणार नाही, एका भिजवणीत फ्लोराईड जातोच किती! भिजवा, सावलीत वाळवा, परत त्याच पाण्यानं भिजवा, असं आठ-दहा वेळा, चारही ढिगांना सारखं, आणि खाली भोक नसलेल्या घमेल्यात म्हणजे क्षार वाहून जाणार नाहीत. शेवटचा ओलावा एवढाच की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. मग चारही ढिगांचा पीएच लिहून ठेवा.

दोन दिवसांची परीक्षा

लांबट डबा घ्या, मध्ये पुठ्ठा उभा करा, एका बाजूला पावसाच्या पाण्याची माती, दुसऱ्या बाजूला बोअरची. पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर १० गांडुळं सोडा, भोकं पाडलेलं झाकण लावा, ४८ तास हात लावू नका. नंतर पुठ्ठा परत मध्ये घालून दोन्हीकडची मोजा, मध्येच कापलं गेलं तर दोन्हीकडं अर्धं-अर्धं धरा. असे पाच डबे लावा, एका डब्यावर निकाल काढू नका. बोअरच्या बाजूला १० पैकी सरासरी २ पेक्षा कमी सापडली तर ती माती त्यांना राहायला नको आहे असा अर्थ निघतो, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पद्धतीतही हीच रेघ आहे. एका वेगळ्या डब्यात दोन्ही बाजूंना पावसाच्याच पाण्याची माती ठेवा, तिथं साधारण निम्मी-निम्मी दिसली पाहिजेत, एकीकडंच गोळा झाली तर उजेड किंवा गरमी एका बाजूनं येतेय.

मग हेच सोड्याच्या मातीबरोबर करा. सोड्याच्या मातीतूनही तेवढीच पळाली तर गुन्हेगार खारटपणा आणि पीएच. सोड्यात निवांत राहिली आणि बोअरच्या मातीतूनच पळाली, तर फ्लोराईडवरचा संशय पक्का होत जातो.

आठ आठवड्यांची परीक्षा

खरं उत्तर इथं मिळतं. प्रत्येक ढिगाचे चार-चार डबे, डब्यात वाळलेल्या वजनानं ५०० ग्रॅम माती, १० गांडुळं धुऊन, टिपून, वजन करून. आठवड्याला ५ ग्रॅम वाळलेलं बारीक शेण खायला. कमी झालेला ओलावा भरताना सगळीकडं पावसाचंच पाणी वापरा. २८ दिवसांनी मोठी गांडुळं काढून मोजा, वजन करा. पण वजनाआधी एक दिवस ओल्या टिपकागदावर ठेवा म्हणजे पोट रिकामं होईल, नाहीतर पोटातली माती वजनात येते. लॅबमध्ये गांडुळातला फ्लोराईड तपासायचा असेल तर हे करायलाच हवं, कारण त्यातला बराचसा मातीबरोबर आतड्यात असतो, शरीरात मुरलेला वेगळा.

मोठी काढल्यावर माती तशीच आणखी २८ दिवस ठेवा, अंड्यांच्या कोषांतून पिल्लं निघतील. मोजायला डबा कढत पाण्याच्या परातीत ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत पिल्लं वर येतात. पावसाच्या पाण्याच्या डब्यात ३० पेक्षा कमी पिल्लं निघाली, किंवा १० मधली एकापेक्षा जास्त मोठी मेली, तर तुमचा प्रयोगच बिघडलाय, बोअरबद्दल काहीच बोलू नका. विदर्भातल्या मे महिन्यात हे करूच नका, थंडीत करा, खोलीत २०-२५ डिग्री असताना.

हे सगळं खतवाल्या गांडुळाचं झालं, ते शेणात राहणारं, शेतातल्या मातीतलं नाही. रानाबद्दल बोलायचं तर देशी गांडुळं घेऊन दोन दिवसांची परीक्षा परत करा, फक्त ती पकडल्यावर हफ्ताभर त्याच रानातल्या स्वच्छ मातीत रुळू द्या.

निकाल वाईट आला तर

खारटपणा निघाला तर निम्मं पावसाचं पाणी मिसळा आणि बेडखालची निचऱ्याची वाट मोकळी करा. फ्लोराईड निघाला तर बेडमध्ये किलोमागे ५-१० ग्रॅम जिप्सम मिसळून तीच परीक्षा परत लावा, कॅल्शियम मिळाला की फ्लोराईड बसतो आणि चढलेला पीएचही उतरतो. चुना नको, पीएच आणखी वर जाईल. आरओचं वाया जाणारं पाणी बेडवर बंदच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढलेल्या नलगोंडा पद्धतीनं गावात पाणी शुद्ध करत असतील, म्हणजे तुरटी-चुना टाकून, तर तळाचा गाळ "मातीच तर आहे" म्हणून कुणी बेडवर आणून टाकू नये, पाण्यातून काढलेला सगळा फ्लोराईड त्यातच असतो आणि जोडीला ॲल्युमिनियम.