लेकराच्या लाल गाठीवर थेंब लावताय? या चुका टाळा

जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत लेकराच्या कपाळावर लाल ठिपका दिसला, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "ग्रहण पाळलं नव्हतं का गं?" ग्रहणाचा काही संबंध नाही. ही रक्तवाहिन्यांची गाठ, हिमॅन्जिओमा.

सगळ्यात महागात पडते ती वाट बघणं. "मोठं झालं की जाईल" हे अर्धंच खरं. जाते, पण काही वर्षांनी. त्याआधी फुगते, आणि सगळ्यात जोरात पाचव्या ते आठव्या आठवड्यात. आम्ही सव्वा महिना होऊ दे म्हणत बसलो. डाळिंबाच्या दाण्याएवढी होती, बोराएवढी झाली.

लहान, वरवरच्या गाठीला 0.5 टक्के टिमोलॉलचे थेंब देतात. मुळात ते काचबिंदूचं औषध, बाटलीवरही डोळ्याचंच छापलेलं. आमच्या सासूबाई थेंब डोळ्यातच घालायला निघाल्या होत्या! बाटलीवर 'फक्त गाठीवर' अशी चिठ्ठी डकवा. बहुतेकदा एक थेंब, दिवसातून दोनदा. जास्त लावून लवकर बरं होत नाही. औषध कातडीतून रक्तात उतरतं आणि नाडी मंदावू शकते. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गाठीला जखम झाली, तर थेंब थांबवून दाखवायला न्या.

मालिशवाली बाई यायच्या आधी थेंब लावला, तर तो तेलात पुसला जातो. अंघोळीनंतर, कोरड्या अंगावर लावा. बिब्ब्याचं तर नावच नको, त्यानं कातडी भाजते.

आठवड्यात गाठ बसली नाही म्हणून बाटली फेकू नका. आधी लाली मळकट होते, आकार नंतर उतरतो. दर रविवारी त्याच खिडकीपाशी फोटो काढा. रंग उतरला म्हणून मनानं बंदही करू नका, पुन्हा वाढू शकते.

जन्मापासूनचा सपाट, जांभळट डाग ही वेगळी गोष्ट. त्याला हे थेंब उपयोगाचे नाहीत, लेझर लागतं.

पापणी, नाकाचं टोक, ओठ इथे गाठ असेल किंवा अंगावर पाच किंवा जास्त गाठी असतील, तर थेंबांवर विसंबू नका. अशांना बऱ्याचदा पोटातून प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध देतात. गाठ उतरवण्याचा त्याचा गुण फ्रान्समधल्या डॉक्टरांना योगायोगानं कळला, तो त्यांनी 2008 मध्ये जाहीर केला. आणि गाठीतून रक्त आलं, तर हळद भरू नका. स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर रात्र असो की दुपार, थेट दवाखाना.