किडेपोला जायचं तर : युगांडाच्या टोकावरच्या माळरानाची तयारी, पहिल्यापासून

आफ्रिकेचं जंगल म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं मसाई माराचं. तिथे एका सिंहाभोवती पंधरा गाड्या उभ्या असतात आणि सोळावी वाट काढत असते. किडेपो व्हॅलीत एखाद्या सकाळी आपल्या गाडीशिवाय दुसरी गाडीच दिसत नाही. युगांडाच्या ईशान्य कोपऱ्यात, कारामोजा प्रदेशात, दक्षिण सुदानच्या सीमेला खेटून हे उद्यान आहे. क्षेत्रफळ १४४२ चौरस किलोमीटर. युगांडा स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. लांब आहे, महाग पडतं आणि दोन दिवसांत उरकत नाही. तीन रात्री काढता येत नसतील तर बेत पुढे ढकला.

आधी महिना ठरवा, मग तिकीट

किडेपोत सगळं पाणी ठरवतं. प्राणी कुठे असतील, गाडी कुठपर्यंत जाईल, गावात कोण भेटेल, सगळंच. उद्यानात दोन खोरी आहेत. नैऋत्येला नारुस आणि ईशान्येला किडेपो. कोरड्या दिवसांत किडेपोचं खोरं पार सुकतं, नारुसच्या खोऱ्यातल्या डबक्यांत आणि दलदलीत मात्र पाणी टिकतं. त्यामुळे साऱ्या उद्यानाची वर्दळ नारुसमध्ये गोळा होते. सप्टेंबर ते मार्च हा जायचा काळ, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. गवत खाली बसलेलं असतं, रानम्हशींचे शेकड्यांचे कळप पाण्याच्या कडेने सरकत असतात.

मी पहिल्यांदा गेलो तो मे महिन्यात, कारण तिकीट स्वस्त मिळालं. माळ हिरवागार होता, फोटो सुरेख आले, पण गवत बॉनेटच्या वर. प्राणी असतीलही, दिसले मात्र कान आणि शिंगं. शिवाय तिथे बऱ्याच भागात काळी माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच. भर पावसात त्या मातीत चाक रुतलं की काय होतं हे कापसाच्या गावच्या माणसाला सांगायला नको. अडीच तास आम्ही टायरखाली फांद्या घालत होतो.

कागदपत्रं आणि लस

पिवळ्या तापाची लस (यलो फीवर) सक्तीची आहे आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच जावं लागतं. मुंबई आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण वार आणि वेळा ठरलेल्या असतात, म्हणून महिनाभर आधीच नंबर लावा. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा साठी उलटली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारून घ्या.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. केनिया किंवा रवांडाही जोडायचा असेल तर तिन्ही देशांचा एकत्र, ९० दिवसांचा ईस्ट आफ्रिका व्हिसा काढणं सोयीचं. डॉलर नेताना नोटा नव्या मालिकेच्या आणि न चुरगळलेल्या घ्या. जुन्या छापाच्या नोटा तिथे सरळ परत करतात, आणि छोट्या नोटांना कमी भाव देतात.

पोहोचायचं कसं

युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये मुंबई ते एंटेबे (राजधानी कंपालाजवळचा विमानतळ) थेट विमान सुरू केलं. त्याआधी आपल्याला नैरोबी, अदिस अबाबा किंवा आखातातून वळसा घालावा लागे. वेळापत्रक बघूनच पुढचं ठरवा.

एंटेबेहून किडेपोला जायचे दोन मार्ग आहेत. छोटं विमान सुमारे दोन तासांत थेट उद्यानातल्या अपोका धावपट्टीवर उतरवतं. सामान साधारण १५ किलोपर्यंतच चालतं आणि तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक सूटकेस नको. पैसे असतील तर हा मार्ग उत्तम, पण मी रस्ता सुचवेन, कारण अंतर किती आहे ते अंगावर घेतल्याशिवाय कारामोजा समजत नाही.

रस्त्याने जाताना दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी कंपालाहून उत्तरेला निघा. वाटेत झिवा गेंडा अभयारण्य लागतं, तिथे रेंजरबरोबर पायी गेंडे बघता येतात. पुढे करुमाला नाईल ओलांडून गुलूला मुक्काम. दुसऱ्या दिवशी किटगुमला डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरा आणि अपोका गाठा. किटगुमनंतर पंपाच्या भरवशावर राहू नका. गाडी फोर-बाय-फोरच हवी. भाड्याने घेताना ड्रायव्हरला तीन प्रश्न विचारा : याआधी कारामोजात गेला आहेस का, स्टेपनी किती, आणि पिण्याचं पाणी किती घेणार? शेवटच्याचं उत्तर ‘वाटेत घेऊ’ असं आलं तर दुसरा ड्रायव्हर बघा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते.

भुकेची काळजी नको. रस्त्याच्या कडेला ‘रोलेक्स’ मिळतो. घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट! भारतीयांनी नेलेली चपाती युगांडाने इतकी आपलीशी केली आहे की ती परदेशी आहे असं तिथे कुणाला वाटतही नाही. शाकाहाऱ्यांनी ‘पोशो आणि बीन्स’ एवढं लक्षात ठेवावं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि राजम्यासारखी उसळ, आणि हे जवळपास कुठेही मिळतं. आपलं लोणचं किंवा शेंगदाण्याची चटणी सोबत असेल तर जेवणाची चैन होते.

सुरक्षिततेचं सरळ बोलू. कारामोजात गुरांच्या चोऱ्या आणि त्यासाठी बंदुकीने मारामाऱ्या हा जुना प्रश्न आहे, सरकारने शस्त्रं काढून घेण्याच्या मोहिमा केल्या तरी तो अधूनमधून डोकं वर काढतो. पर्यटक हे लक्ष्य नसतात, पण निघण्याच्या आठवड्यात युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीकडे रस्त्याची चौकशी कराच. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. मोरोटोमार्गे परतायचं असेल तर ही चौकशी पुन्हा करा. तो रस्ता जास्त सुंदर आहे आणि वाटेत सिपीचे धबधबेही जोडता येतात.

अपोकाचा मुक्काम

उद्यानाचं मुख्यालय अपोकाला आहे. तिथे एक महागडा लॉज आहे आणि वाइल्डलाइफ अथॉरिटीच्या साध्या खोल्या, म्हणजे ‘बांडा’, शिवाय तंबूची जागा. बांडा आधी आरक्षित करा आणि प्रवेशशुल्क कंपालातूनच भरून टाका. शुल्क २४ तासांच्या हिशेबाने लागतं, त्यामुळे दुपारी आत शिरलात तर दुसऱ्या दिवशीची सकाळची फेरीही त्यातच बसते. मोबाइलची रेंज बेताची आणि वीज ठरावीक वेळच. पॉवर बँक आणि चौकोनी तीन पिनांचा प्लग घ्या.

कॅम्पला कुंपण नाही. दाराबाहेर झेब्रा चरतो, पाणकुरंग (वॉटरबक) येतो आणि कधी हत्तीही. रात्री संडासाला जायचं तर टॉर्च मारून आधी बघायचं, शंका आली तर पहारेकऱ्याला हाक मारायची. लाजू नका, तो त्यासाठीच असतो.

कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे घ्या. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते आणि जीन्समधूनही चावते. लष्करी छापाचे कपडे युगांडात नागरिकांना चालत नाहीत, तेव्हा ती आवडती कार्गो पँट घरीच राहू द्या.

माळावरची सकाळ

पहाटे उजाडताच निघा, रेंजर सोबत घेऊन. रेंजरचे पैसे वाचवू नका. नारुसमध्ये नजर आधी खडकांवर टाका. किडेपोचे सिंह खडकांच्या उंचवट्यांवर बसतात, तिथे वारा असतो आणि सगळं खोरं दिसतं. आमच्या रेंजरने गाडी थांबवली तेव्हा मला नुसता खडकच दिसला. दोन मिनिटांनी खडकाने शेपटी हलवली. खडकाच्या रंगातच सिंहीण मिसळून गेली होती. हनुवटी दगडावर टेकून ती आमच्याकडे नाही, आमच्या पलीकडच्या म्हशींकडे बघत होती.

दुसरा दिवस किडेपोच्या खोऱ्यासाठी ठेवा. शहामृग आणि चित्ता यांच्यासाठी युगांडात हाच कोपरा, दाट जंगलाच्या उद्यानांत ते मिळत नाहीत. पक्ष्यांच्या साडेचारशेहून जास्त जाती उद्यानात नोंदल्या आहेत. किडेपो ही नदी वर्षातला बहुतेक काळ नुसती वाळू असते. तिच्या काठाने ताडाची रांग आहे, आपल्या ताडगोळ्यांच्या झाडाचा आफ्रिकेतला सख्खा भाऊ. ‘अकिडेप’ म्हणजे वेचणं. हीच ताडाची फळं वेचायला माणसं इथे येत, आंबवून दारू करण्यासाठी, त्यावरून खोऱ्याला हे नाव पडलं. रेंजरची परवानगी असेल तर पात्रात उतरा आणि कोपरभर वाळू उकरून बघा. आमच्या खड्ड्यात खालची वाळू ओली लागली, मग गढूळ पाणी पाझरायला लागलं. हत्तीही असंच उकरतात. पुढे सीमेजवळ कानांगोरोकचे गरम पाण्याचे झरे आहेत.

गावात जाताना

इथले लोक कारामोजाँग, त्यातले उद्यानाच्या आसपासचे डोडोथ. गाय हेच त्यांचं धन. भेट उद्यानाच्या कार्यालयातून ठरवा, पैसे किती आणि कुणाच्या हातात, हे आधीच बोलून घ्या. वस्तीचे पैसे वस्तीला मिळायला हवेत, मधल्या माणसाला नव्हे. फोटोचं विचारूनच. मुलांना गोळ्या वाटू नका.

वस्तीला काटेरी फांद्यांचं जाड कुंपण असतं आणि आत जायचं दार इतकं ठेंगणं की ओणवं होऊनच शिरावं लागतं. शत्रू आला तर एकेकच, आणि डोकं पुढे करून येईल, असा त्यामागचा हिशेब. ‘एजोका?’ असं विचारा, ‘एजोक’ असं उत्तर येतं. धन्यवादाला ‘अलाकारा’. तेवढ्यावर बायका मोठ्याने हसतात आणि पुढचं सोपं होतं. एक आजी सपाट दगडावर ज्वारी वाटत होत्या, गुडघे टेकून, आपल्या पाट्यावर वाटतात तशा. ज्वारीचं मूळ ईशान्य आफ्रिकेतलंच. माझ्या आजीचं पीक इथून आलं असेल म्हणून मी ती मूठभर हातात घेतली, तर आजींनी वरवंटाच माझ्या हातात दिला. मला तो दोन मिनिटांत जड झाला.

कोरड्या दिवसांत वस्तीत तरुण पुरुष कमी दिसतात, ते गुरं घेऊन पाण्यामागे दूर गेलेले असतात. म्हाताऱ्यांच्या हातात ‘एकिचोलोंग’ दिसेल, लाकडाचं छोटं आसन. बसायला स्टूल आणि झोपताना उशी. घ्यायचं तर करणाऱ्याकडूनच घ्या.

पूर्ण दिवस आणि दमदार पाय असतील तर मोरुंगोले डोंगरावरच्या इक लोकांकडे रेंजरबरोबर चढून जा. हे शेती करणारे, मधमाश्या पाळणारे, वेगळी भाषा बोलणारे लोक संख्येने फार थोडे आहेत. उद्यान झालं तेव्हा त्यांची शिकारीची जागा गेली. पुढे एका परदेशी अभ्यासकाने दुष्काळात त्यांना बघून ‘माणुसकी हरवलेले’ अशी त्यांची प्रतिमा जगभर नेली, ती पुसायला नंतरच्या अभ्यासकांना बरंच लिहावं लागलं. डोंगरावर आम्हाला चढल्याचढल्या मिळाला तो पोळ्यातला मध, मेणासकट.

परतीच्या विमानात पिवळं कार्ड, म्हणजे पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र, वरच्या खिशात ठेवा. युगांडाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.