चालू रीफ टँकमध्ये ड्राय रॉक कसा घालावा

वर्ष-दोन वर्षं नीट चाललेल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, जास्तीचा ड्राय रॉक (जिवंत जीव नसलेला कोरडा सच्छिद्र दगड) लागतो तो बहुधा जागेसाठी: प्रवाळाचे नवे तुकडे लावायला, नाहीतर दांडगट टँग माशाने पळवून लावलेल्या माशाला दडायला. फिल्टरेशन वाढेल म्हणून घालत असाल तर राहू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत, म्हणजे बॅक्टेरिया पुरेसे आहेतच.

दगड विकतच घ्या. बडोद्याहून द्वारका-ओख्याला जाणं-येणं असतंच. तिथल्या वाळूत सापडलेला प्रवाळाचा तुकडा ‘एवढुसा तर आहे’ म्हणून पिशवीत टाकू नका. अश्मप्रवाळ १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही त्यातच आला.

२०० लिटरच्या टाकीत ५ किलो दगड घालायचाय असं धरू. आधी कडक ब्रशने घासून भुगा आणि सुटे पापुद्रे काढा. मग १० भाग पाण्यात १ भाग साधं, वास किंवा साबण न मिसळलेलं ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट घालून दगड दोन दिवस उघड्या गॅलरीत बुडवून ठेवा. भोकांमधले वाळलेले जीव यानेच निघतात; ते राहिले की महिनोन्महिने कुजत बसतात. नंतर दोन-तीनदा धुवा, अँटी-क्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) घातलेल्या पाण्यात एक दिवस ठेवा आणि उन्हात कोरडा करा. क्लोरीनचा जराही वास आला तर अँटी-क्लोरीनचं पाणी पुन्हा एकदा. म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिडची धुलाई प्रत्येक दगडाला लागत नाही. करायचीच असेल तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही. आणि ब्लीचचा अंश असलेल्या दगडावर ॲसिड कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता खरं काम, म्हणजे दगड टाकीबाहेरच मुरवून त्यावर बॅक्टेरिया वाढवणं. खाद्यपदार्थ साठवतात तसा ड्रम किंवा टब घ्या आणि ४० लिटर आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी भरा. आजवा तलावाचं असो की मही नदीचं, नळाचं पाणी प्यायला ठीक. इथे टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यच हवा. साधारण दीड किलो रीफ सॉल्ट घालून घनता १.०२५ करा. एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सोडा, तापमान २५-२६ अंश ठेवा. ड्रम घरातच असू द्या. मे महिन्यात गॅलरीतलं पाणी सहज पस्तिशी ओलांडतं आणि बाष्पीभवनाने क्षारही चढतात. वर झाकण किंवा जाड कापड हवं. उजेड मिळाला की दगड टाकीत जाण्याआधीच हिरवा होतो.

बॅक्टेरियाचं विरजण म्हणून तुमच्याच सम्पमधला (टाकीखालच्या फिल्टर-टाकीतला) मूठभर रबल, म्हणजे दगडाचे बारीक तुकडे, घाला. मग पाव ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड. ४० लिटरला त्याने सुमारे २ पीपीएम अमोनिया होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर नको, त्यातल्या भेसळीचा भरवसा नाही. हाच डोस घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की दगड तयार. याला महिना-दीड महिना लागतो.

अमोनिया सगळेच तपासतात. चालू टाकीत घात करतो तो फॉस्फेट, आणि तोही दोन्ही बाजूंनी. काही दगडांत फॉस्फेट आधीच बसलेला असतो आणि हळूहळू सुटतो. म्हणून ड्रमचं पूर्ण पाणी बदला, आठवड्याने मोजा, ०.१ पीपीएमच्या वर आला तर पुन्हा बदला. उलट स्वच्छ कॅल्शियम कार्बोनेटचा नवा पृष्ठभाग टाकीतला फॉस्फेट ओढून घेतो. तो ०.०० वर गेला की डायनोफ्लॅजेलेट्सना (दगडावर चिकट लव धरणाऱ्या सूक्ष्मजीवांना) रान मोकळं. म्हणून टाकीत ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान काहीतरी असू द्या आणि त्या काळात जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) बंद ठेवा.

रचना बाहेरच जुळवा. जेल सुपरग्लू आणि रीफ सिमेंटने तुकडे जोडा. टाकीत इपॉक्सी वापरलंत तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दिवसभर फेसाळून वाहील, त्यामुळे कप काढूनच ठेवा. जुन्या वाळूत दगड खुपसू नका, खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असू शकतो. तो जुन्या दगडावर तीन ठिकाणी पक्का टेकवा, मागून पाणी फिरेल एवढी फट ठेवा आणि युफिलिया या डंख मारणाऱ्या प्रवाळापासून १५ सेंटिमीटर लांब राहा.

पहिल्या खेपेला २ किलो, उरलेला तीन आठवड्यांनी. ५ किलो सच्छिद्र दगड दोनेक लिटर पाणी सरकवतो, तेव्हा तेवढं आधी काढा. सम्प काठोकाठ असेल तर वीज गेल्यावर टाकीतून उतरणारं पाणी थेट फरशीवर येईल. दगड पाण्याखाली हलवून बुडबुडे काढा, हवा अडकलेला दगड हलका पडून सरकतो.

पहिले तीन दिवस रोज अमोनिया पाहा. पुढचे दोन आठवडे दिवसाआड फॉस्फेट आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएचमध्ये मोजतात). नव्या पृष्ठभागावर कार्बोनेट बसू लागलं की डीकेएच नेहमीपेक्षा लवकर उतरते. रोजचा डोस त्या मापाने वाढवा, पण दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका.

नव्या दगडावर तपकिरी पूड दिसली तर ती बहुतेक डायटम हे सूक्ष्म शेवाळ, तीन-चार आठवड्यांत ओसरते; ट्रोकस गोगलगायी काम लवकर आटोपतात. मात्र चिकट, तारेसारखी, बुडबुडे धरलेली आणि रात्री विरळ होणारी लव असेल तर ती डायनोफ्लॅजेलेट्सची असू शकते, आधी फॉस्फेट आणि नायट्रेट मोजा. शून्य आले तर पाणी बदलत सुटू नका, खाणं थोडं वाढवा.