बासरी निवडताना आणि पहिले तीन महिने

जोतिबाच्या यात्रेत किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर फुग्यांशेजारी टांगलेली रंगीत बासरी घेऊन शिकण्याचा संकल्प सोडणारे पुष्कळ असतात, आणि महिनाभरात तो संकल्प मोडला की ते आपल्या फुंकीला दोष देतात. वास्तविक त्या बासरीचे स्वरच जागेवर नसतात, त्यामुळे कितीही रियाझ केला तरी कान बिघडण्यापलीकडे काही साधत नाही. म्हणून सुरुवात खरेदीपासून करावी आणि खरेदी करताना बांबूच्या रंगापेक्षा त्याच्या लांबीकडे आधी पाहावे.

दुकानात गेल्यावर बासरीची पट्टी सांगावी लागते, आणि ती आपल्याकडे पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात: पांढरी तीन, पांढरी पाच, काळी एक. वरची तीन छिद्रे बंद केल्यावर जो स्वर निघतो तो त्या बासरीचा षड्ज (सा), आणि सहाही छिद्रे बंद केल्यावर त्याखालचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. पांढरी पाचचा षड्ज सेकंदाला सुमारे 392 कंपनांचा, तर तिचा मंद्र पंचम सुमारे 294 कंपनांचा असतो. आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे या पंचमाची तरंगलांबी सुमारे 117 सेंटिमीटर झाली. दोन्हीकडे (फुंकायचे छिद्र आणि खालचे टोक) उघड्या असलेल्या नळीत तिची निम्मी, म्हणजे 58-59 सेंटिमीटर मावते. हवेचे कंपन नळीच्या तोंडाबाहेर थोडे डोकावत असल्याने प्रत्यक्ष बांबू काही सेंटिमीटर कमी पुरतो आणि वरच्या बाजूने नळी बंद करणाऱ्या बुचाच्या मागचा भाग वेगळा धरावा लागतो, तेव्हा ही बासरी सुमारे 24 इंचांची होते. हाच हिशेब पांढरी तीनसाठी केला की लांबी 30 इंचांच्या आसपास जाते. मंद्र सूर हवा असेल तर लांब बांबू घेणे भागच आहे, त्यात कारागिराची मर्जी चालत नाही.

मैफलीत ही लांब बासरी आली ती पन्नालाल घोष यांच्यामुळे. 1911 साली बारिसालमध्ये जन्मलेल्या आणि 1960 साली निवर्तलेल्या या वादकाने सुमारे 32 इंचांची बासरी घडवून घेतली आणि तोवर लोकसंगीतात व साथीत रमलेल्या या वाद्यावर विलंबित (संथ लयीतला) ख्याल वाजवून दाखवला. सातव्या छिद्राचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. त्यांच्या वादनाने भारावलेला नवशिका पहिल्याच दिवशी पांढरी तीन मागतो. माझे मत असे की ती घेऊ नये. तिच्या छिद्रांमधील अंतर नव्या बोटांना झेपत नाही, कडेने हवा गळते आणि सूर फाटतो. पांढरी पाच घ्यावी. बोटे अगदीच लहान असतील, तर सुमारे 18-19 इंचांची पांढरी एक चालेल.

बांबू कुठला, हा पुढचा प्रश्न. गगनबावडा उतरून कोकणात गेले की माणगा जातीचा बांबू मुबलक दिसतो, पण तो जवळपास भरीव असल्याने बासरीच्या कामाचा नाही. पातळ भिंतीचा, लांब पेरांचा बांबू आसामातून येतो आणि त्याच्या बासऱ्या करणारे उत्तर प्रदेशातील पिलीभीत गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तंबोऱ्यासाठी मिरज जवळ आहे. बासरीचा माल मात्र बहुधा दुरून आलेला असतो, म्हणून दुकानात ती वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्वतःला वाजवता येत नसेल तर जाणकाराला बरोबर न्यावे. मोबाइलवरील तंबोरा त्या पट्टीत लावून षड्ज, मंद्र पंचम आणि वरच्या सप्तकातील पंचम हे तीन स्वर ताडून पाहावेत. दोन पंचम एकमेकांशी जुळत नसतील, तर नक्षी कितीही सुंदर असली तरी बासरी परत ठेवावी.

थोडे विषयांतर करतो. बासरी आणि सनई या दोन्ही नाट्यशास्त्रातील वर्गवारीनुसार सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्येच, पण सनईत जिव्हाळी (तोंडात धरायची पातळ पत्ती) थरथरते आणि बासरीत काहीच थरथरत नाही. फुंकीचा पातळ झोत मुखरंध्राच्या कडेवर आपटून आतबाहेर डोलतो आणि नळीतील हवेला हलवतो. म्हणून बासरीची जिव्हाळी म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ, आणि पहिला महिना त्यांच्यावरच खर्च करावा. मुखरंध्राची जवळची कड खालच्या ओठाच्या कडेला टेकवावी, ओठांची फट बारीक ठेवावी आणि निम्म्याहून अधिक रंध्र उघडे ठेवून पलीकडच्या कडेवर फुंकावे. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वरच्या तीन छिद्रांवर ठेवून फक्त षड्ज धरावा. बोटांची टोके न दाबता पेरांची गादी अलगद टेकवावी. सुरुवातीला चक्कर येते, कारण श्वासोच्छ्वास नेहमीपेक्षा जास्त होतो. अशा वेळी लगेच थांबावे. रोज वीस मिनिटे पुरेत. शाहू महाराजांच्या दरबारातील गायक अल्लादिया खाँसाहेबांमुळे कोल्हापूरकरांना दमसासाचे मोल वेगळे सांगायला नको, आणि बासरीत तर दमसास संपला की सूरच संपतो.

दुसऱ्या महिन्यात बोटे उचलावीत. मंद्र पंचमापासून खालचे एकेक बोट उचलत गेल्यास धैवत, निषाद, षड्ज, ऋषभ, गांधार असे शुद्ध स्वर मिळतात आणि सगळी छिद्रे उघडली की तीव्र मध्यम लागतो. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते. ही युक्ती फार जुनी आहे: नाट्यशास्त्रात वंशीवरील (बासरीवरील) चतुःश्रुती, म्हणजे चार श्रुतींचे सूक्ष्म अंतर असलेला स्वर पूर्ण उघड्या छिद्राने, त्रिश्रुती कापत्या बोटाने आणि द्विश्रुती अर्ध्या उघड्या छिद्राने काढावा असे सांगितले आहे. युरोपात म्यूनिकच्या थिओबाल्ड बोम यांनी 1847 साली उलट वाट धरली. छिद्रे ध्वनिशास्त्राला हवी तिथे, हवी तेवढी मोठी पाडली आणि ती झाकायला किल्ल्या बसवल्या. आपल्याकडे छिद्रे बोटे पोहोचतात तिथेच राहिली आणि त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, शाबूत राहिली.

अर्धे छिद्र अवघड असल्याने पहिला राग भूप घ्यावा, कारण त्यात मध्यम आणि निषाद दोन्ही वर्ज्य आहेत. त्याची खरी अडचण गांधारावरून पंचमावर जाताना येते: एका बोटावरून सहा बोटांवर यावे लागते आणि त्याच क्षणी फुंक जोरकस करावी लागते, नाहीतर मध्य पंचमाऐवजी मंद्र पंचम निघतो. ‘ग प, ग प’ ही एवढीच जोडी आठवडाभर संथ लयीत घोटावी. भूप बसला की यमन घ्यावा, कारण तीव्र मध्यम उघड्या छिद्रांवर आयताच मिळतो.

आपल्या हवामानाचीही दखल घ्यावी लागते. डिसेंबरातील पहाट आणि एप्रिलमधील दुपार यांत वीसेक अंशांचा फरक असतो, आणि तेवढ्याने बासरीचा सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा अधिक सरकू शकतो. म्हणून पाच मिनिटे वाजवून बांबू उबदार झाल्यावर तंबोरा बासरीला जुळवावा. जुलैच्या पावसात काठीला गुंडाळलेल्या सुती फडक्याने आतून पुसल्याशिवाय बासरी पिशवीत घालू नये, नाहीतर बुरशी धरते. महिन्यातून एकदा बदामाचे किंवा मोहरीचे तेल हलक्या हाताने लावावे. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेली बासरी तडकते, मग तिच्यावर कितीही घट्ट दोरा बांधलेला असो.

पांढरी तीनकडे कधी वळावे, असे विचारले जाते. पांढरी पाचवर षड्ज पंधरा सेकंद न हलता टिकू लागला आणि उजव्या हाताची अनामिका न पाहता सहाव्या छिद्रावर बसू लागली, की लांब बासरी हातात घेऊन पाहावी.