स्प्रिंग मागवण्यापूर्वी: प्रकार, मापे आणि तार यांची पारख

सोलापुरात यंत्रमागाची स्प्रिंग तुटली की तिचा तुकडा खिशात घालून दुकान गाठायचे आणि ‘अशीच एक द्या’ म्हणून मागायचे, ही सर्रास चालणारी रीत आहे. लांबी आणि बाहेरचा व्यास नजरेने जुळतो, स्प्रिंग जागेवर बसतेही. परंतु तारेची जाडी थोडी जरी वेगळी असली तरी जोर बदलतो, आणि त्याचा परिणाम थेट चादरीच्या किंवा टॉवेलच्या विणीवर दिसतो. म्हणून स्प्रिंग मागवण्यापूर्वी तिचा प्रकार ओळखणे आणि तिची मापे स्वतः घेणे अत्यंत आवश्यक आहे.

प्रकार ओळखताना स्प्रिंगवर जोर कोणत्या दिशेने येतो, हे आधी पाहावे. दाबली जाणारी स्प्रिंग इंजिनाच्या व्हॉल्व्हवर, प्रेसच्या डायमध्ये आणि बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये असते. तिची मोकळी लांबी वेढ्यांच्या सरासरी व्यासाच्या चौपटीहून अधिक असेल, तर दाबताना ती बाजूला वाकू शकते. अशा वेळी तिच्या आतून दांडा किंवा बाहेरून नळी द्यावी. पिळाची स्प्रिंग कपड्यांच्या चिमट्यात दिसते. ती नेहमी वेढे आवळले जातील त्याच दिशेने वापरावी, आणि आवळताना तिचा आतला व्यास कमी होतो हे लक्षात घेऊन मधल्या दांड्याभोवती मोकळी जागा ठेवावी. दुकानाच्या शटरच्या डब्यात चपट्या पट्टीची गुंडाळी असते. जागा अगदी कमी आणि जोर मोठा असेल, तेथे बशीच्या आकाराच्या चकत्या वापरतात: दोन चकत्या एकाच दिशेने रचल्या तर जोर दुप्पट होतो, उलटसुलट रचल्या तर हालचाल दुप्पट मिळते.

ट्रक आणि उसाच्या ट्रॉलीखालच्या पाट्यांबाबत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगबाबत, एवढेच सांगणे पुरे की पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. त्यामुळे रुंदी जुळते म्हणून वेगळ्या जाडीचा पाटा घालणे चुकीचे आहे.

यंत्रमागावर ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगचे काम मोठे आहे. डॉबीने (नक्षीनुसार चौकटी उचलणाऱ्या यंत्रणेने) वर उचललेली हिल्ड-फ्रेम, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणारी चौकट, खाली खेचणे आणि धोट्याला (बाण्याचा धागा आडवा नेणाऱ्या नळीला) मार देऊन झालेली पिकिंग स्टिक, म्हणजे मार देणारी काठी, मागे आणणे, ही कामे ती दिवसभर करते. तिचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, कारण गुंडाळतानाच तारेत थोडा ताण भरलेला असतो. तेवढा जोर लावल्याखेरीज ती उघडतच नाही. ती बहुतेक वेळा मधोमध तुटत नाही, तर आकडा जेथे वळतो तेथे तुटते. म्हणून आकड्याचे वळण गोलसर असावे, तीक्ष्ण कोपरा किंवा पकडीचा ओरखडा नसावा. वेढ्यांमध्ये साचणारे कापसाचे तूस ओलावा धरून ठेवते आणि तेथूनच गंज लागतो, तेव्हा माग साफ करताना जॉबरने (मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराने) स्प्रिंगही साफ करून घ्यावी.

आता मापांविषयी. तारेवरील गंज पुसून मायक्रोमीटरने जाडी दोन-तीन ठिकाणी मोजावी. बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी वजा केली की सरासरी व्यास मिळतो. दाबाच्या स्प्रिंगची दोन्ही टोके बंद असतील तर एकूण वेढ्यांतून दोन वजा करावेत, कारण टोकाचे वेढे काम करत नाहीत. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, सरासरी व्यासाच्या घनाप्रमाणे आणि वेढ्यांच्या संख्येप्रमाणे कमी होतो. पोलादी तारेची जाडी २ मिमी, बाहेरचा व्यास १८ मिमी आणि वेढे ४० असतील, तर दर मिलिमीटरला सुमारे ०.९७ न्यूटन जोर लागतो. म्हणजे ५० मिमी ताणण्यासाठी, सुरुवातीचा भरलेला ताण सोडून, जवळपास ५ किलो. तार २.२ मिमी घेतली आणि बाहेरचा व्यास तोच ठेवला, तर तेवढेच ५० मिमी ताणायला साडेसात किलो लागतील. हा ०.२ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण जोर दीडपट होतो. याच हिशेबाने, लांब स्प्रिंग कापून आखूड केली तर वेढे घटल्यामुळे ती अधिक ताठ होते, ही गोष्ट कापण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी.

तार सामान्यतः थंड ओढलेल्या उच्च कार्बन पोलादाची असते. आयएस ४४५४ हे तिचे भारतीय मानक आहे, आणि ऑर्डर देताना त्याचा उल्लेख करावा. रंगणीच्या ओल्या विभागात स्टेनलेस तार टिकते, मात्र त्याच मापांना तिचा ताठपणा सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरतो. झिंकचा मुलामा दिलेली स्प्रिंग घेताना, मुलाम्यानंतर ती भट्टीत तापवली आहे का, हे विचारावे. न तापवल्यास धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे ती ठिसूळ होऊन अचानक तुटू शकते. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडू नये आणि आकडा वळवण्यासाठी गॅसची ज्योत लावू नये, कारण लाल झालेल्या तारेची लवचिकता तेथेच संपते.

नवी स्प्रिंग बसवण्यापूर्वी खिळ्याला टांगून तिला ठरावीक वजन लावावे आणि ती किती ताणते हे पट्टीने मोजावे. वजन काढल्यावर ती मूळ लांबीवर आली नाही तर परत करावी. हिल्ड-फ्रेमच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा मात्र जोडीनेच बदलाव्यात, अन्यथा एक बाजू अधिक जोराने ओढली जाऊन फ्रेम तिरपी चालते.